काउंटरवर घडाघडा, मोबाइलसमोर गप्प: धंद्याच्या व्हिडिओत सहज बोलण्याची तयारी, क्रमानं

सांगली-कोल्हापूर भागातल्या लहान दुकानदारांचे आणि घरून धंदा करणाऱ्यांचे व्हिडिओ मी शूट करून देतो. मसाले, भडंग, साड्या, रोपवाटिका, गॅरेज, जे येईल ते. जवळपास सगळे एकाच क्रमानं चुकतात. आधी रिंगलाइट आणतात, मग फोन उभा करतात, मग लाल बटण दाबतात आणि त्यानंतर काय बोलायचं याचा विचार सुरू करतात. दोन टेक फसले की "आपल्याला नाही बाबा जमत" म्हणून रिंगलाइट माळ्यावर जातो.

ही सगळी माणसं दिवसभर अनोळखी लोकांशी बोलत असतात, घासाघीस करतात, रुसलेलं गिऱ्हाईक परत आणतात. बोलणं त्यांना येतंच. कॅमेऱ्यासमोर मात्र तीन गोष्टी एकदम नाहीशा होतात: समोरचं गिऱ्हाईक, त्यानं विचारलेला प्रश्न आणि हातातलं काम. खालच्या टप्प्यांत या तीन गोष्टी परत आणायच्या आहेत. टप्पे गाळू नका, पुढेमागे करू नका. पहिल्या व्हिडिओला साधारण पंधरा दिवस धरा. पुढचे एका दुपारी होतात.

टप्पा १: आठ दिवस वही

गल्ल्याशेजारी एक वही ठेवा. गिऱ्हाईक जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. "तिखट लई आहे का?" "ह्यात मीठ घातलंय का वरनं घालायचं?" "किती दिवस राहतोय?" "पुण्याला पाठवता का?" भाषा सुधारायची नाही. वहीत "टिकवण कालावधी" असं लिहिलंत, तर व्हिडिओतही तेच बोलाल आणि तिथेच अडखळाल.

आठ दिवसांनी बघा, कुठला प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आलाय. पहिला व्हिडिओ त्याचाच. दुकानाची ओळख, सगळा माल, पत्ता, ऑफर हे सगळं एकात कोंबू नका. ज्याच्या डोक्यात सात मुद्दे असतात, त्याच्या चेहऱ्यावर ते सातही दिसतात.

प्रश्नाशेजारी तो विचारणाऱ्या एका खऱ्या माणसाची खूण लिहून ठेवा: "लाल स्कूटीवाल्या ताई", "बँकेतले काका". हे माणूस पुढे लागणार आहे.

तपासा: प्रश्न एकच आहे ना? त्याचं उत्तर तुम्ही वही न बघता एका दमात सांगू शकता ना?

टप्पा २: मजकूर आधी बोला, मग लिहा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

लोक कागद घेऊन बसतात आणि असं काहीतरी लिहितात: "नमस्कार मित्रांनो, आमच्या येथे सर्व प्रकारचे उच्च दर्जाचे घरगुती मसाले योग्य दरात मिळतील." हे वाक्य त्यांनी काउंटरवर आयुष्यात कधी उच्चारलेलं नसतं. मग ते पाठ करावं लागतं. पाठ केलेलं आठवायला डोळे वर जातात आणि बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस घाबरलाय.

उलटं करा. घरातल्या कुणालातरी समोर बसवा आणि वहीतला प्रश्न विचारायला सांगा. फोनवर फक्त आवाज रेकॉर्ड करा. नेहमी देता तसं उत्तर द्या. मग ते ऐका आणि तुम्ही खरोखर जे बोललात, त्यातली चार-पाच वाक्यं निवडून कागदावर उतरवा. कांदा लसूण मसाल्याचं एक उदाहरण देतो:

"परवा एका ताईंनी विचारलं, तुमचा मसाला घातला की लगेच तर्री सुटते, तेल जास्त घालता काय? तेल वरनं नाही घालत. आम्ही कांदा आणि खोबरं तेलात तळून मगच कुटतो, तेच रश्श्यात उतरतंय. हे बघा, चमचा उलटा केला तरी मसाला लगेच खाली पडत नाही. अर्धा किलोपासून पाठवतो. नंबर खाली दिलाय."

सुरुवात गिऱ्हाइकाच्या प्रश्नानं, मध्ये उत्तर आणि दाखवायची एक गोष्ट, शेवटी घ्यायचं कसं. मिनिटाच्या आत सगळं संपलं. आता यातलं फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य पक्कं पाठ करा. पहिलं तोंडावर असलं की गाडी सुरू होते. शेवटचं माहीत असलं की "तर मग... असं आहे... तर नक्की या" असं घोटाळत बसावं लागत नाही. मधला भाग पाठ करायचा नाही. जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत तीनच शब्द लिहा: तळून, चमचा, अर्धा किलो.

बोलीबद्दल एक. "आपली भाषा गावठी वाटेल" म्हणून लोक व्हिडिओपुरती पुस्तकी मराठी काढतात आणि दुसऱ्याच वाक्याला परत घरच्या बोलीवर येतात. तो सांधेबदल फार उघडा पडतो. काउंटरवर "लागतंय" म्हणत असाल, तर व्हिडिओतही "लागतंय"च म्हणा.

पडद्यावर मजकूर सरकवणारं टेलिप्रॉम्प्टरचं अ‍ॅप सुरुवातीला वापरू नका. अक्षरांमागे फिरणारी बुबुळं स्पष्ट दिसतात.

सावधान: ज्याची खात्री नाही ते वाक्य काढून टाका. "शंभर टक्के सेंद्रिय" हे तुम्ही सिद्ध करू शकत नसाल, तर जीभ नेमकी तिथेच जड होते. खाद्यपदार्थ किंवा काढे विकणाऱ्यांनी "मधुमेह बरा होतो" असली वाक्यं अजिबात बोलू नयेत. काही ठरावीक आजारांवर उपचार म्हणून जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादुई उपचारांविषयीच्या कायद्यानं बंदी आहे आणि मधुमेह त्या यादीत आहे. त्यापेक्षा पाकिटावरचा एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा परवान्याचा) चौदा आकडी नंबर कॅमेऱ्याला दाखवा.

टप्पा ३: हातांना काम द्या

शूटिंगला आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "हात कुठे ठेवू?" याचं उत्तर "असे घडी घालून ठेवा" हे नाही. हातांना त्यांचं रोजचं काम द्या.

एका मसालेवाल्या काकूंकडे गेलो होतो. त्यांनी ठेवणीतली साडी नेसली होती, मागे पडदा लावला होता आणि त्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. सहा टेक झाले. दर वेळी "माझं नाव..." म्हणून थांबायच्या आणि पदर सारखा करायच्या. शेवटी मी म्हटलं, "राहू दे काकू, चहा घेऊ." तेवढ्यात मागच्या दाराला एक गिऱ्हाईक आलं. मुंबईला मुलाकडे न्यायला मसाला हवा होता आणि तो फार तिखट नको होता. काकूंनी डबा उघडला, चिमूटभर मसाला गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, "जिभेला नका लावू अजून. आधी चोळा, मग वास घ्या. वासात मिरची आधी आली तर तिखट, खोबरं आधी आलं तर मुलांना चालतंय." ना पदराकडे हात गेला, ना शब्द अडला. माझा फोन तेव्हा खिशात होता, याचं मला आजही वाईट वाटतं.

गिऱ्हाईक गेल्यावर पडदा काढला, काकूंना ओट्याशी उभं केलं, डबा हातात दिला आणि त्यांच्या सुनेला कॅमेऱ्यामागे उभं करून तोच प्रश्न विचारायला सांगितला. दुसऱ्या टेकला काम झालं.

तुमच्या धंद्यात हे काम कुठलं, ते शोधा. साडीवाल्यानं घडी उलगडत बोलावं, रोपवाटिकेवाल्यानं कुंडीतली माती बोटांनी मोकळी करत, शिंप्यानं टेपनं माप घेत. सल्ला विकणाऱ्यांना, म्हणजे विमा, कर किंवा क्लासवाल्यांना हे अवघड जातं. त्यांनी कागदावर पेनानं आकडे मांडत बोलावं.

उभं राहून बोला. बसायचंच असेल तर खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा. फिरती खुर्ची नको, माणूस नकळत डोलतो.

सावधान: काम आवाज करणारं नको. मिक्सर, पातेल्याची खडखड किंवा प्लॅस्टिकचं कुरकुरणारं पाकीट बोलण्यावर पडतं. पाकीट दाखवायचं असेल, तर तेवढं वेगळं शूट करा.

टप्पा ४: जागा, उजेड, आवाज

हा टप्पा लोक पहिला करतात. खरं तर इतपतच पुरतं:

- खिडकी किंवा दुकानाचं दार तुमच्या चेहऱ्यासमोर किंवा थोडं बाजूला हवं, पाठीमागे नको. पाठीमागून उजेड आला की चेहरा काळा पडतो.
- फोन तुमच्या डोळ्यांच्या उंचीला. खालून शूट केलं तर नाकपुड्या आणि पंखा दिसतो. ट्रायपॉड नसेल तर डबे रचा, पण फोन हलता कामा नये.
- मागचा कॅमेरा वापरा. त्यात स्वतःचा चेहरा दिसत नाही, त्यामुळे बोलता बोलता केस सारखे करायचा मोह होत नाही. चित्रही बहुतेक फोनमध्ये जास्त चांगलं येतं.
- लेन्स पुसा. मसालेवाल्यांनी दोनदा पुसा.
- ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसले, तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये अँटी-फ्लिकर शोधा आणि ५० हर्ट्झ निवडा.
- पडद्यावर दिसणाऱ्या चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये फोकस आणि उजेड लॉक होतो. नाहीतर हात पुढे आला की चेहरा धूसर होतो.
- चष्मा असेल तर रिंगलाइटचं गोल वेटोळं काचेत दिसतं. लाइट बाजूला आणि वर घ्या.

आवाजाला चित्रापेक्षा जास्त महत्त्व द्या. कॉलर माइक साधा असला तरी चालतो, पण लावायची जागा बघा. मंगळसूत्र माइकला घासलं की प्रत्येक हालचालीला खरखर येते, स्टार्च केलेला पदरही कुरकुरतो. माइक पदराच्या विरुद्ध बाजूला लावा. हातात काचेच्या बांगड्या असतील तर त्या तेवढ्यापुरत्या काढा. पंखा बंद. फ्रीजची घरघर येत असेल तर पाच मिनिटं बंद करा आणि परत सुरू करायचं विसरू नका.

तपासा: दहा सेकंद काहीही बोलून शूट करा आणि इअरफोन लावून ऐका. ही तपासणी गाळल्यानं अर्ध्या दिवसाचं शूटिंग फुकट गेलेलं मी पाहिलंय. त्यात एकदा चूक माझीच होती, माइकची पिन अर्धवट बसली होती.

टप्पा ५: पाच दिवस, कुणालाही न दाखवायचे व्हिडिओ

स्वतःला पडद्यावर पाहून बहुतेकांना कसंतरी होतं. कारणं साधी आहेत. आपण आपला चेहरा आरशात उलटा बघत आलोय. व्हिडिओत भांग दुसऱ्या बाजूला जातो आणि चेहरा परका वाटतो. आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून तो भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये तो भाग नसतो, मग आवाज पातळ लागतो. लोक तुम्हाला असंच बघतात आणि असंच ऐकतात. त्यांना त्यात काही खटकत नाही. सवय तुम्हाला व्हायची आहे आणि ती व्हिडिओ टाकून होत नाही, बघून होते.

रोज एक मिनिटाचा व्हिडिओ करा, पाच दिवस. विषय कुठलाही: आज दुकानात काय झालं, डाळ कशी फोडणीला टाकता. प्रत्येक व्हिडिओ दोनदा बघा. पहिल्यांदा आवाज बंद करून: डोळे कुठे जातात, डोकं हलतंय का, हात कुठे अडतात. दुसऱ्यांदा फोन पालथा ठेवून फक्त ऐका: शब्दांची टोकं गिळली जातात का, "म्हणजे", "अं", "तर" किती येतात, वाक्याच्या शेवटी आवाज पडतो का. प्रत्येक वेळी एकच गोष्ट लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तेवढीच सुधारा. पाच चुका एकदम सुधारायला गेलात की सहावी तयार होते.

नजरेचा सराव इथेच करा. लेन्सशेजारी एक रंगीत टिकली चिकटवा आणि तिच्या मागे वहीतल्या त्या ताई उभ्या आहेत असं धरून बोला. पुढचा कॅमेरा वापरत असाल आणि फोन उभा असताना पडद्याकडे बघितलंत तर नजर खाली झुकल्यासारखी दिसते, आडवा असेल तर बाजूला गेल्यासारखी. हातातल्या वस्तूकडे बघायला हरकत नाही, माणूस काम करताना बघतोच. पण पहिलं आणि शेवटचं वाक्य मात्र टिकलीकडे बघूनच.

ज्यांना एकट्यानं बोलता येतच नाही, त्यांनी फोनच्या अगदी मागे घरच्या कुणालातरी उभं करावं. फक्त त्या माणसाला आधी बजावून ठेवा: हसायचं नाही, सुचवायचं नाही, मान हलवायची.

टप्पा ६: भावाचं वाक्य वेगळं घोटा

व्हिडिओभर चांगलं बोलणारा माणूस "तीनशे साठ रुपये" म्हणताना हमखास खाली बघतो. आवाज उतरतो, किंवा पुढे शेपूट लागतं: "आता महागाईच तेवढी आहे", "तसं काही जास्त नाही". तुम्हालाच भाव जास्त वाटतोय, असं गिऱ्हाइकाला वाटतं आणि मग तोही घासाघीस करतो.

हे एकच वाक्य दहा वेळा मोठ्यानं म्हणा. वस्तू, वजन, भाव, पूर्णविराम. "अर्धा किलो, तीनशे साठ रुपये." आणि गप्प. मागचं शेपूट कापा. "फक्त" हा शब्दही काढा. भाव बदलता असेल, जसा आंब्यात रोज बदलतो, तर तो बोलूच नका, "आजचा भाव फोनवर विचारा" म्हणा. नाहीतर पुढच्या आठवड्यात लोक व्हिडिओ दाखवून भांडतील.

टप्पा ७: शूटिंगचा दिवस

१. दुकानातली गर्दी नसेल ती वेळ घ्या. गिऱ्हाईक ताटकळत असताना मन ठिकाणावर राहत नाही.

२. कपडे रोजच्या वापरातले, इस्त्री केलेले. बारीक रेघा आणि बारीक चौकडी कॅमेऱ्यात थरथरताना दिसतात. नवी साडी किंवा नवा शर्ट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका.

३. फोन फ्लाइट मोडवर. किती जागा शिल्लक आहे ते बघा.

४. कोमट पाणी प्या. दुधाचा चहा नंतर, त्यानं तोंड चिकट होतं. मग जिभेला व्यायाम: "कच्चा पापड, पक्का पापड" आणि "काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले", आधी सावकाश, मग भरभर.

५. छातीत धडधडत असेल तर चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा, पाच वेळा. सोडलेला श्वास लांबला की ठोके थोडे उतरतात. पूर्ण जाणार नाहीत. तेवढी धडधड आवाजात जान आणते, राहू द्या.

६. बटण दाबा आणि तीन सेकंद काही बोलू नका. टिकलीकडे बघा, मग पहिलं वाक्य. शेवटच्या वाक्यानंतरही दोन सेकंद तसंच बघत राहा. लोक शेवटचा शब्द संपायच्या आत बटणाकडे झेपावतात आणि व्हिडिओच्या टोकाला त्यांची बगल दिसते.

७. पहिला टेक सरावाचा. तो बघायचा नाही, पुढचा घ्यायचा.

८. चुकलात तर थांबू नका, "सॉरी" म्हणू नका, कॅमेरा बंद करू नका. एक श्वास घ्या आणि ते वाक्य सुरुवातीपासून परत बोला. चुकलेला तुकडा नंतर कापता येतो, आणि तिथे हाताचा किंवा मालाचा शॉट टाकला की जोड दिसत नाही. प्रत्येक चुकीला पहिल्यापासून सुरू करणारा माणूस दहाव्या टेकला रडकुंडीला येतो.

९. पाच टेक झाले की बस. सहाव्यापासून चेहरा दमतो. नाही जमलं, तर उद्या त्याच वेळी.

सावधान: प्रत्येक टेकनंतर फोनकडे धावून "बघू बघू" करू नका. एकदा स्वतःला बघितलंत की पुढच्या टेकला तुम्ही ताईंशी बोलत नाही, स्वतःच्या हनुवटीशी बोलता.

टप्पा ८: निवड दुसऱ्याला करू द्या

टेक त्याच दिवशी बघू नका. दुसऱ्या दिवशी दोन टेक निवडा आणि एखाद्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला दाखवा. घरच्यांना नको, ते एकतर कौतुक करतात नाहीतर टोमणा मारतात. "कसा वाटला?" असं विचारू नका. विचारा: "ह्यात काय विकतोय, केवढ्याला, आणि घ्यायचं कसं?" तिन्ही उत्तरं बरोबर आली तर व्हिडिओ तयार आहे. एखादं हुकलं तर तेवढंच वाक्य परत शूट करा.

एक "अं" राहिला किंवा मागून कुणी "मावशी, दूध!" म्हणून ओरडलं, तर असू द्या. "मीठ आहे" म्हणायच्या जागी "मीठ नाही" म्हटलं गेलं असेल, तर मात्र तो व्हिडिओ टाकू नका, कितीही देखणा आला असला तरी.

टाकण्याआधी पडद्यावर फोन नंबर अंक अंक वाचून तपासा. तो नंबर तुमच्याच फोनवरून लावून बघा. बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून बोलण्यातली मुख्य वाक्यं खाली अक्षरांत द्या. ती आपोआप उमटवून घेतलीत तर एकदा नजरेखालून घाला, "तर्री"चं काय वाट्टेल ते होतं. व्हिडिओ टाकल्यावर पहिल्या तासात तो दहा वेळा उघडून बघायचा नाही. खाली कुणी काही विचारलं असेल, तर उत्तर द्या आणि तो प्रश्न, त्याच शब्दांत, वहीच्या पुढच्या पानावर लिहा.